दामूभाऊंचा सुजलेला हात

दामूभाऊ गेल्याचा फोन मला खुद्द वहिनींनीच केला. "बाई, तुमचं भाऊ गेलं. दुपारचं जेवून खाटंवर पडलं, ते उठलंच न्हाईत. तुमी एक्सप्रेसवेनं येऊ नका, जुन्या रोडनं सावकाश या." नवरा जाऊन तास झाला नव्हता आणि ही बाई माझ्या गाडीची काळजी करत होती. मी म्हटलं, "वहिनी, रडा हो थोडं." तर म्हणाल्या, "रडीन की. तुमी आल्यावर." आणि खरोखर, मी लोणावळ्याहून त्यांच्या दारात पोचले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मोकळेपणानं रडून घेतलं. त्याला आता महिना-सव्वा महिना झाला. एवढ्यात हा लेख लिहायचा माझा विचार नव्हता. पण वहिनींचा तगादा आहे, आणि तो का आहे हे सांगण्यासाठी मला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

दामूभाऊ देहूरोडच्या लष्करी डेपोत स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर कामशेतजवळच्या आपल्या गावी येऊन इंद्रायणी तांदूळ पिकवायला लागले. मी लोणावळ्याच्या एका शाळेत मराठी शिकवायची, आणि शाळा सुटल्यावर कामशेतमधल्या एका छोट्या संस्थेत जायला लागले. सासरी जाच असलेल्या बायका तिथं यायच्या, बोलायच्या, रडायच्या, चहा प्यायच्या. एकदा पुण्याच्या कॉलेजातल्या एक प्राध्यापक मॅडम आल्या. त्यांना मावळातल्या गावांमधून पाहणी करायची होती... नवरा-बायकोत भांडण झालं की हात उचलला जातो का, कोण उचलतं, आणि विचारल्यावर कोण काय सांगतं. त्यांची पद्धत मला फार आवडली. एका घरात दोघांनी एकाच वेळी जायचं. बाईनं मागं चुलीपाशी जाऊन बायकोला विचारायचं, पुरुषानं पुढं अंगणात नवऱ्याला. एकाचं दुसऱ्याला ऐकू जाता कामा नये, आणि जवळ सासू, दीर, पोरंबाळं कोणी नको. अडचण एकच होती. विचारणाऱ्या बाया मिळाल्या, त्यांत मीही होते; पुरुष एकही मिळेना. असलं कोण विचारत फिरणार?

त्याच दिवशी दामूभाऊ संस्थेत तांदळाचं पोतं टाकायला आले होते. दाराशी उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "नवऱ्यांना इचारायचंय ना? मग त्याला नवराच लागंल. मी हाय." मॅडमनी त्यांना समजावून सांगितलं की काम सोपं नाही, एकाच घरातली दोन उत्तरं जुळत नाहीत, चीनमध्येसुद्धा नवरा-बायकोला असं वेगवेगळं विचारणाऱ्यांना हाच अनुभव आहे. चीनचं नाव ऐकल्यावर भाऊंना जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. "आरं तिच्या! म्हंजे एवढी मोठी भिंत बांदली, तरी घरातलं तितं बी झाकूनच!" त्या दिवसापासून ते चीन खिशात घालून फिरायला लागले. कुणी नवरा चुळबुळ करायला लागला की ते म्हणायचे, "लाजतो कशाला, चीनमदी बी हेच चाललंय." समोरचा गडी चीनच्या नवऱ्यांची चौकशी करायला लागायचा आणि मग बोलण्याला तोंड फुटायचं.

आम्ही दोघं बरोबर फिरायचो, त्यामुळे जिथं जाऊ तिथं लोक आम्हाला नवरा-बायको समजायचे. शिरगावच्या साईमंदिराबाहेर एका हारवालीनं तर आमच्या हातात एकच हार ठेवला आणि "जोडीनं घाला, लय वर्सं टिकंल संसार," असा आशीर्वाद दिला. मी चिडले. भाऊंनी हार घेतला, तिला म्हणाले, "ह्या बाईसंगं संसार केला असता तर मला रोज शुद्धलेखन लिवायला लागलं असतं." लोणावळ्याच्या माणसांवरूनही ते मला टोचायचे. आम्ही पर्यटकांना चिक्की खपवतो आणि घरी नुसते शेंगदाणे खातो, असं त्यांचं ठाम मत होतं. मी म्हणायची, तुम्ही मावळातले लोक तांदूळ विकता आणि पेजेवर राहता, त्याचं काय? अशी आमची जुगलबंदी बसस्टॉपपासून गावापर्यंत चालायची.

काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नवरे तोंडाला कुलूप लावून बसायचे. "न्हाई बा, आमच्यात तसलं काय न्हाई. शब्दाला शब्द होतो, तेवढंच." त्याच वेळी मागच्या पडवीत त्याच घरातली बाई मला दंडावरचा वळ दाखवत असायची. कधी उलटंही व्हायचं. नवरा पुढं फुशारकीनं सांगायचा की मी घरात धाक ठेवलाय, आणि बायको मागं म्हणायची, "छे वो, देवमाणूस हाय." पुरुष ज्याला 'एक दिली' म्हणतो, त्यालाच बाई 'मी पडले' म्हणते, हे मी तेव्हा शिकले. मार खाल्ल्याची लाज बाईला, आणि मारल्याची लाज मात्र फारशी कुणालाच नाही. क्वचित एखाद्या घरात बाईनंच नवऱ्याला लाटणं फेकून मारलेलं असायचं. तसं अंगणातल्या नवऱ्याकडून भाऊंच्या कानावर कधी म्हणून आलं नाही. ते मला चुलीपाशीच कळायचं. म्हणून मॅडमनी नियम करून दिला होता की उत्तरं जुळली नाहीत, तर बायको एकटी असताना जे सांगेल ते धरायचं. मला तो नियम पटला होता, अजून पटतो.

भाऊंनी नवऱ्यांचं कुलूप उघडायची स्वतःची किल्ली काढली. अंगणात बसल्यावर ते आधी त्या माणसाच्या कामाला हात लावायचे, दावं वळू लागायचे, कोयत्याला धार लावू लागायचे. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणायचे, "मी बी येकदा हिला हानली हुती. देहूरोडला क्वार्टरमदी. आन सुजला कोन? माझा हात! डेपोत डाव्या हातानं सया करत हुतो." ऐकणारा खो खो हसायचा. हसून झालं की म्हणायचा, "आमचं बी तसंच झालतं येकदा..." की भाऊ पुढचं विचारायला मोकळे. नियम काहीही असो, भाऊंचा आवाज दांडगा; ही गोष्ट मी इतक्या घरांच्या मागच्या भिंतीआडून ऐकली की मला ती पाठ झाली. परतताना मी त्यांना सुनवायची, "भाऊ, तुम्ही मारकुटे नवरे आहात, तुमच्याबरोबर चहा प्यायची मला लाज वाटते." ते म्हणायचे, "मग चहा मी पितो, तुमी बिस्कुट खावा." मी त्यांना मारकुटा म्हणायची ते मला खरंच वाटायचं म्हणून. त्यात माझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण सांगणारे तेच होते.

एकच जागा अशी होती की जिथं ती गोष्ट हसण्यावर संपली नाही. कान्हे गावात स्टेशनपासून जरा आत संपतचं घर आहे. मागं त्याची बायको सुरेखा भाकरी थापत होती. मी विचारलं, तर तिनं दुसरी भाकरी थापायला घेतली. मग पुढून भाऊंचा आवाज आला, चीनचं काहीतरी चाललं होतं. तिनं मला विचारलं, "चीनमदल्या बाया बी मार खात्यात व्हय?" मी म्हटलं, खातात काही जणी. "आन सांगत न्हाईत?" सगळ्या नाही सांगत. ती तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "मग मी सांगते. कुनीतरी सांगाय पायजे की." आणि तिनं सगळं सांगितलं. मी पुढं आले तेव्हा भाऊ आणि संपत समोरासमोर बसले होते, मधे चहा थंड झाला होता. वाटेत भाऊंनी सांगितलं. सुजलेल्या हाताची गोष्ट ऐकून संपत हसला नव्हता. म्हणाला होता, "भाऊ, माझा हात न्हाई सुजत. तिचं तोंड सुजतं."

त्यानंतर पाहणी बाजूला राहिली आणि भाऊ संपतच्या मागं लागले. भाताच्या आवणीला त्याच्या खाचरात उतरले, बाजाराच्या दिवशी त्याला गाठून गप्पा मारत बसले, त्याचं दारूचं बसणं-उठणं तोडलं. कुणालाही न दुखावता त्याला बोलतं ठेवलं. वर्षभरानं संपत मला भेटला आणि म्हणाला, "बाई, सोडलं मी." आता मी नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. मी सरळ मागच्या दारानं जाऊन सुरेखाला एकटीला विचारलं. ती हसली. "व्हय बाई. आता भांडी आपटतो. ती बी ॲल्युमिनियमचीच, पितळंची न्हाई." मी भाऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्या दिवशी चहाबरोबर भजी मागवली.

भाऊंची शोकसभा गावातल्या मंदिराच्या सभामंडपात झाली. माणूस मावत नव्हता. एक-दोघं बोलले, मग संपत उठला. त्याला बोलायची सवय नाही, दोन्ही हातांनी टोपी धरून उभा होता. म्हणाला, "भाऊंनी बी येके काळी वहिनींना मारलं हुतं. मला सोताच सांगितलं. ते सुदारलं म्हनून मी सुदारलो." मला तर भरून आलं. त्याच्यानंतर बोलायला आलेल्या प्रत्येकानं मग तेच धरलं. वाट चुकलेला माणूस कसा वाटेवर येतो, बायकोला मारणारा दुसऱ्यांच्या बायकांचा भाऊ कसा होतो, असं ज्याला जसं सुचेल तसं. पहिल्या रांगेत वहिनी पदराचा बोळा तोंडाशी धरून बसल्या होत्या. मला वाटलं हुंदका आवरतायत.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. "बाई, या. पुरनपोळी करते." दुखवट्याच्या घरात पुरणपोळी? मी तसं विचारलं. "व्हय. आन येताना तुमचा तो प्रश्न घेऊन या." कुठला प्रश्न? "सगळ्या मावळाला इचारत फिरलात तो. मला कवा इचारलात?" हे मात्र खरं होतं. पाहणी करणाऱ्यांनी आपापल्या घरची उत्तरं घ्यायची नाहीत असा नियमच होता. इतकी वर्षं वहिनींच्या हातचं जेवून, त्यांच्याच नवऱ्याला मारकुटा म्हणून मी उठत होते, आणि त्यांना काय म्हणायचंय हे विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी गेले. वहिनींनी घर आधीच रिकामं केलं होतं. मुलगा-सून तळेगावला गेले होते, नात सई कॉलेजात. वहिनी मला म्हणाल्या, "तुमी चुलीम्होरं बसवून इचारता ना? चला." गॅसच्या ओट्यापाशी दोन पाट टाकून आम्ही बसलो. इतक्या घरांमधून विचारलेला प्रश्न, पण त्यांना विचारताना माझी जीभ अडखळली. "वहिनी, भाऊंनी तुमच्यावर कधी हात उचलला का?"

"कदीच न्हाई."

खरं सांगते, मला वाईट वाटलं. कारण हे उत्तर माझ्या ओळखीचं होतं. देवमाणूस हाय, कदीच न्हाई, मीच पडले... नवरा गेल्यावर तर बायका हटकून असंच म्हणतात. माझा चेहरा बघून वहिनी म्हणाल्या, "बगा. तुमी बी तसंच बगताय. सई बी अशीच बगती." मग त्यांनी सांगितलं. शोकसभेहून आल्यावर सईनं विचारलं होतं, "आज्जी, आबा तुला मारायचे?" वहिनी म्हणाल्या, न्हाई गं. तर ती पोर शांतपणे म्हणाली, "सगळ्या बायका असंच सांगतात, आज्जी. हे आबाच सांगायचे मला." तेव्हापासून तिनं आजोबांच्या फोटोला हार घालायचं सोडलं. फोटोसमोरून मान खाली घालून जाते. आबांच्या मांडीवर वाढलेली पोर. "रडत बी न्हाई वो ती," वहिनी म्हणाल्या, "आबांसाठी रडावं का न्हाई, हेच तिला कळंना झालंय."

"मग तो सुजलेला हात?" मी विचारलं.

"हात सुजला हुता, ते खरं. मी हानलं हुतं."

मग वहिनींनी जे सांगितलं ते त्यांच्या नेहमीच्या ठसक्यात, मध्येच हसत सांगितलं. देहूरोडच्या क्वार्टरमधली रविवारची दुपार. लग्नाला थोडीच वर्षं झालेली, कडेवर तान्हा मुलगा. भाऊ न सांगता डेपोतले मित्र जेवायला घेऊन आले, आणि ते काही पहिल्यांदा नव्हे. वहिनींनी धावपळ करून सगळ्यांना वाढलं, स्वतःला काही उरलं नाही. पहिल्या घासाला भाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "भाजी अळनी हाय. हिला ध्यानच नसतं." मित्र हसले, जेवले, गेले. वहिनी भांडी आवरत असताना भाऊ पुन्हा आत येऊन म्हणाले, "चार मानसांत लाज काडलीस." वहिनींच्या हातात उलथनं होतं. "मग काय! हानलं. त्यांनी हात आडवा घातला, मनगटावर बसलं. केवड्यांदा वराडलं म्हनता!"

शेजारणीनं दार वाजवलं. वहिनी पार गारठल्या. सासूबाई त्यांना कायमच्या माहेरी धाडायला निमित्तच शोधत होत्या, आणि सुनेनं नवऱ्यावर हात टाकला ही बातमी गावी पोचायला एक एसटी पुरली असती. भाऊंनी दुखरा हात पाठीमागं लपवला, दार उघडलं आणि म्हणाले, "काय न्हाई मावशी, मीच हिला येक दिली."

"आन मावशी काय म्हनल्या ठावं हाय?" वहिनी म्हणाल्या. "म्हनल्या, 'आसं व्हय! मला वाटलं काय झालं.' आन गेल्या की घरी."

मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. वहिनीही हसत होत्या. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं गावोगाव फिरून आम्हाला जे धड मांडता आलं नव्हतं, ते त्या शेजारणीनं उंबऱ्यात उभं राहून सांगून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी डेपोत मनगटाचं विचारल्यावर भाऊंनी सांगितलं, बायकोला मारताना लागलं. मित्रांनी पाठीवर थापा दिल्या. सासूबाई आल्या, त्यांनी लेकाच्या हाताला हळदीचा लेप लावला आणि सुनेला बजावलं, त्याला जास्त चिडवत जाऊ नकोस. वहिनींचं घर शाबूत राहिलं. "खरं बोललं असतं तर माझा संसार गेला असता. खोटं बोललं तर ह्यांचं काय गेलं? काय बी न्हाई. उलट मान वाडला. त्याचंच ह्यांना लय वाईट वाटायचं. न सांगता पाव्हनं आनायचं मात्र त्या दिवसापास्नं बंद."

पुढं तीच थाप पाहणीत कामाला आली. ती वहिनींना ठाऊक होती. संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढता काढता भाऊ सांगायचे, "आज कान्ह्यात तुला मारून आलो." वहिनी म्हणायच्या, "बसा जेवायला, मार खाल्लेल्या बाईच्या हातचं." दोघांचा तो रोजचा खेळ होता. ते होते तोवर खेळ होता. ते गेल्यावर सभामंडपात ते खरं होऊन बसलं, आणि खेळातला दुसरा गडी साक्षीला उरला नाही.

"मी सांगून सईचा इस्वास बसत न्हाई. छापलेल्यावर बसंल. तुमी लिवा," वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनी, लोक तुम्हाला हसतील, नवऱ्याला मारणारी म्हणतील. "म्हनूं द्या. त्यांनी माज्यापायी मारकुटा म्हनून घेतलं, मला काय धाड भरली?" आणि संपत? त्याला वाटेल भाऊंनी फसवलं. वहिनींनी पोळीवर तुपाची धार सोडली. "संपतनं सोडलं ते सुरेखाच्या तोंडाकडं बगून. गोष्टीनं कुनी सुदारतं व्हय? आन त्याला मी सोता सांगितलंय." काय म्हणाला तो? "म्हनला, वहिनी, उलथनं आमच्या सुरेखाला दावू नका."

लेख लिहून झाल्यावर परवा मी वहिनींकडे गेले आणि घर पुन्हा रिकामं करून त्यांना सगळा वाचून दाखवला. त्यांनी मान डोलवत ऐकला, चीनच्या भिंतीला हसल्या, हारवालीच्या वेळी मला कोपर मारलं. शेवटी म्हणाल्या, "समदं लिवलंय. अळनी भाजी लिवली, उलथनं लिवलं. पन सई पोरगी हाय, गमतीगमतीत वाचून जाईल. एक वाक्य सरळ लिवा की."

खरंच की. तर सई, हे तुझ्यासाठी. आमची पद्धत तुला आबांनी सांगितलेलीच आहे, त्याच पद्धतीनं लिहिते.

दामूभाऊंनी आपल्या बायकोवर कधीही हात उचलला नाही. सांगणारी, त्यांची बायको. विचारलं तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं.